घर आमचे, अर्ज बिल्डरचा

मुंबईत इमारत बांधण्याच्या परवानगीचा पहिला कागद मोठा गमतीचा आहे. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली मिळणाऱ्या या कागदाचे नाव 'नापसंतीची सूचना'. बांधकामवाले त्याला आयओडी म्हणतात. अमुक अटी पूर्ण केल्याशिवाय तुमचा नकाशा आम्हाला पसंत नाही, असे महापालिका लिहून देते, आणि तो कागद हातात पडला की मालक पेढे वाटतो. मुलुंडच्या किंवा अंधेरी पश्चिमेच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या मालकाला तिथे फ्लॅट करायचे असतील तर तो आर्किटेक्ट नेमतो, नकाशा काढून घेतो, इमारत प्रस्ताव खात्यात अर्ज टाकतो. आधी आयओडी, मग काम सुरू करायची सीसी, शेवटी राहायला जायची ओसी. चपला झिजतात, पैसे जातात, वर्षे जातात. पण अर्जावर नाव त्याचे असते. जिना कुठे काढायचा, किती मजले चढवायचे, कुणाला किती खोल्या द्यायच्या, हे तोच ठरवतो.

तिथून दोन-तीन किलोमीटरवर वस्तीत राहणारा माणूसही घराची घरे करतो. थोरल्याचे लग्न झाले की दहा बाय पंधराच्या खोलीवर पत्र्याचा माळा चढतो, बाहेरून लोखंडी शिडी लागते. धाकट्याच्या लग्नात मोरी आत घेऊन आणखी एक भिंत उभी राहते. बंगल्याचा मालक करतो तेच हा करतो: वाढत्या कुटुंबासाठी एका घराची दोन घरे. फरक एवढाच, की याच्यासाठी अर्जाची खिडकीच नाही. वॉर्ड ऑफिसातून फार तर दुरुस्तीची परवानगी मिळते, आणि उंचीची मर्यादा 14 फूट. त्यावर पत्रा गेला की कलम 351 ची नोटीस दारावर चिकटते. नोटीस आली की मध्यस्थ येतो. मध्यस्थ कुणाच्या नावाने किती मागतो हे उपनगरातल्या कुठल्याही वस्तीतले शेंबडे पोरसुद्धा सांगेल.

पुढे पुनर्विकासाची योजना येते तेव्हा त्याच माळ्यावर वीस वर्षे संसार केलेला मुलगा, सून आणि नातवंडे अपात्र ठरतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात घर म्हणजे तळमजल्याचे घर, वरचा माळा मोजत नाहीत. धारावीच्या प्रकल्पात वरच्या मजल्यावाल्यांचा विचार झाला म्हणून कौतुक झाले. तो विचार असा, की त्यांना धारावीबाहेर भाडे-खरेदीच्या तत्त्वावर घर. म्हणजे आई खाली धारावीत राहणार आणि मुलगा वस्तीबाहेर.

आम्ही हा लेख लिहितो आहोत तो या एका प्रश्नासाठी. आमच्या घरांचे फ्लॅट होणार आहेत, बऱ्याच ठिकाणी झालेही आहेत. त्या फ्लॅटची परवानगी मागण्याचा हक्क कुणाचा? आज उपनगरात घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत आंबेडकरी वस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त भांडणे याच विषयावर होतात. भाऊ भावाशी बोलत नाही, जयंतीच्या दोन मिरवणुका निघतात, विहाराच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात यावर पोलीस ठाण्यात तक्रारी जातात. आणि भांडण कशावर? तर या बिल्डरचा गट की त्या बिल्डरचा गट. बिल्डर कशाला हवा, हा प्रश्न सभेत कुणी विचारला तर लोक त्याच्याकडे वेड्यासारखे पाहतात.

थोडे मागे जाऊ. 1971 साली महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम झाला. त्याच्या नावातच सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास हे तीन शब्द आहेत, आणि सरकार कधी कोणता शब्द वापरेल याचा भरवसा वस्तीला कधीच नव्हता. 4 जानेवारी 1976 रोजी झोपड्यांची गणना झाली आणि त्यातून फोटोपास आले. आमच्या आधीच्या पिढीने तो फोटोपास बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवला. बाकी सगळे पुरात गेले तरी चालेल, पण तो कागद जायला नको. 1995 मध्ये मोफत घरांची योजना आली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. आधी 225 चौरस फूट, पुढे 269, आणि 2034 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 300. पात्रतेची तारीख आधी 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000. 2000 नंतरच्या आणि 2011 पर्यंतच्या झोपडीवाल्यांना घर मिळते, पण अडीच लाख रुपये भरून.

'मोफत' या शब्दाने आमचे जेवढे नुकसान केले तेवढे बुलडोझरनेही केले नसेल. मोफत घेणारा माणूस लाभार्थी होतो आणि लाभार्थ्याने प्रश्न विचारायचे नसतात. वास्तविक हिशेब सरळ आहे. आमच्या पायाखालची जमीन हेच या योजनेचे भांडवल. आम्ही त्या जमिनीच्या एका कोपऱ्यात उभ्या इमारतीत दाटीने सरकायचे, मोकळ्या झालेल्या जागेवर विक्रीचा टॉवर उभा राहायचा, आणि त्याच्या पैशातून आमची इमारतही बांधून व्हायची, वर बिल्डरचा नफाही. आमच्या इमारतीच्या बांधकामाच्या बदल्यात त्याला विक्रीचे बांधकाम मिळते. आम्ही नसतो तर त्याला त्या जमिनीवर तेवढे मजले चढवताच आले नसते. याला मोफत म्हणायचे असेल तर सावकाराच्या घरी राबणाऱ्याला मिळणारी भाकरीही मोफतच म्हणावी लागेल.

आता परवानगीचा रस्ता पाहू. यातले शब्द तरुणांनी पाठ करावेत अशी आमची इच्छा आहे. जसे आपण कलम 14, 15, 16, 17 पाठ केले, तसेच.

आधी वस्तीची सोसायटी होते, प्रस्तावित. तिचा मुख्य प्रवर्तक असतो. सर्वसाधारण सभा होते, त्यात विकासक निवडला जातो आणि संमतीपत्रे गोळा होतात. पूर्वी 70 टक्के लागत, आता 51 टक्के. मग सक्षम प्राधिकारी पात्रतेची यादी तयार करतो, ती परिशिष्ट-2. जमीन महापालिकेची असेल तर महापालिकेचा अधिकारी, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर त्यांचा, म्हाडाची असेल तर म्हाडाचा. त्यानंतर प्राधिकरण आशयपत्र देते, त्याला सगळे एलओआय म्हणतात. मग इमारतनिहाय मंजुरी, मग सीसी, शेवटी ओसी.

या संपूर्ण रस्त्यावर वस्तीतल्या माणसाची सही किती वेळा लागते? एकदा. संमतीपत्रावर. ती बहुतेक वेळा रात्री, कुणाच्या तरी ओट्यावर, न वाचता होते. आम्ही अशी संमतीपत्रे पाहिली आहेत ज्यांत विकासकाचे नाव लिहायची जागा कोरी होती. त्या एका सहीनंतर पुढच्या प्रत्येक कागदावर अर्जदार म्हणून विकासक असतो. नकाशा त्याचा आर्किटेक्ट काढतो. त्या आर्किटेक्टला फी कोण देतो हे पाहिले की नकाशा तसा का निघाला हे समजते. आमची इमारत रस्त्यापासून लांब मागच्या बाजूला, विक्रीची इमारत दर्शनी बाजूला. प्रवेशद्वार वेगळे. मधे भिंत. गावात वाडा कुठे आणि महारवाडा कुठे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा नकाशा वाचायला आर्किटेक्ट लागत नाही.

फसवणूक झाली तर? विक्रीच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणारा ग्राहक महारेराकडे जातो. पुनर्वसन इमारतीतल्या मूळ रहिवाशाला ते दार सहसा उघडत नाही. त्याने प्राधिकरणाकडे जायचे, मग सर्वोच्च तक्रार निवारण समितीकडे, मग हायकोर्टात. बोरिवलीच्या एका सोसायटीचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे, हरिहर कृपा सोसायटीचे. विकासक नेमला 2003 साली. वर्षामागून वर्षे गेली, इमारत काही उभी राहिली नाही. झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13(2) खाली त्या विकासकाला हटवण्याचा आदेश झाला तो 2021 मध्ये. विकासक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 30 जुलै 2024 रोजी तिथे हरला. 2003 साली पाचवीत असलेली मुले निकालाच्या दिवशी तिशीत होती. त्या निकालात न्यायालयाने नोंदवले की मुंबई उच्च न्यायालयात या एका कायद्याखालची सोळाशेहून अधिक प्रकरणे पडून आहेत, आणि उच्च न्यायालयानेच या कायद्याच्या कामगिरीचे परीक्षण करावे असे सांगितले. कायदा नीट चालत नाही, हे आता चळवळीच्या पत्रकात लिहिलेले वाक्य राहिलेले नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाच त्याची तपासणी करावीशी वाटली आहे.

पण आम्हाला या प्रकरणात वेगळीच गोष्ट खुपते. विकासक हटवण्याचा अधिकार आहे, त्याचे कलम आहे, त्याची प्रक्रिया आहे. हटवल्यावर सोसायटी काय करते? दुसरा विकासक शोधते. एक मालक गेला, दुसरा आणला.

नियमावलीत मात्र वेगळे लिहिले आहे. विनियम 33(10) मध्ये झोपडपट्टीच्या पुनर्विकासासाठी विकासकाच्या बरोबरीने जमीनमालक आणि झोपडीधारकांची सहकारी गृहनिर्माण संस्थाही येते. म्हणजे वस्तीची सोसायटी स्वतः अर्जदार होऊ शकते. स्वतःच्या घराच्या फ्लॅटची परवानगी स्वतः मागू शकते. ही तरतूद चोरून ठेवलेली नाही, छापलेली आहे. पण आमच्या किती वस्त्यांमध्ये तिचा उच्चार झाला?

इथे महाडची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे तेव्हाच मोकळे होते. पाण्याला हात लागला 20 मार्च 1927 ला. मधली तीन वर्षे ठराव दप्तरात होता आणि तळे सवर्णांकडे होते. बरे, पाणी प्यायल्यावर तरी प्रश्न संपला का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला 1937 उजाडले. बाबासाहेब दहा वर्षे तो दावा लढले. आपण दर 20 मार्चला महाडला जातो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो, पण त्या दहा वर्षांच्या कोर्टकचेरीबद्दल, पुराव्यांबद्दल, साक्षींबद्दल कुणी भाषणात बोलत नाही. चळवळीचा तो भाग टाळ्या मिळवून देत नाही.

"आपल्याकडे पैसा कुठे आहे?" हा पहिला आक्षेप. आक्षेप खरा आहे, त्याला हसून उडवणाऱ्यांतले आम्ही नाही. बिल्डरही स्वतःच्या खिशातून फारसा पैसा घालत नाही, तो वित्तसंस्थेकडून उचलतो, विक्रीच्या फ्लॅटची आगाऊ रक्कम घेतो. त्याला कर्ज मिळते ते आमच्या जमिनीवर मिळणाऱ्या बांधकाम हक्काच्या जोरावर. मग तोच हक्क सोसायटीच्या हातात असताना कर्ज का मिळू नये? मध्यमवर्गीय सोसायट्यांसाठी हे मान्य झालेले आहे. 13 सप्टेंबर 2019 चा शासन निर्णय स्वयंपुनर्विकासाला सवलती देतो. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशा सोसायट्यांना कर्ज देते, आणि तसे करून मोठे फ्लॅट मिळवल्याचे सत्कार समारंभ आपण बातम्यांत पाहतो. तिथे बिल्डरचा नफा सभासदांच्या चौरस फुटांत जातो. फारच चांगले. पण स्वयंपुनर्विकास म्हटले की डोळ्यासमोर येते ती म्हाडा वसाहतीतली चार मजली सोसायटी, आणि झोपडपट्टी म्हटले की येतो तो बिल्डर. हा फरक पैशाचा आहे की ऐपतीबद्दलच्या समजाचा? 'यांना जमणार नाही' हे वाक्य आम्ही फार जुन्या काळापासून ऐकत आलो आहोत. शाळेच्या बाबतीत ऐकले, नोकरीच्या बाबतीत ऐकले, आता सोसायटीच्या बाबतीत ऐकतो.

जमल्याची उदाहरणे आहेत. धारावीत राजीव-इंदिरा सोसायटीने स्पार्क आणि राष्ट्रीय झोपडपट्टी महासंघाच्या साथीने स्वतःची इमारत उभी केली. खोल्यांची उंची वाढवून त्यांनी पोटमाळ्याला जागा ठेवली. कारण नकाशा ठरवताना बसलेल्या माणसांना, विशेषतः बायांना, एका खोलीत दोन पिढ्या कशा झोपतात हे माहीत होते. वस्तीत जी उंची गुन्हा ठरते तीच इमारतीत सोय म्हणून मंजूर झाली! दुसरे उदाहरण अंधेरीजवळच्या चांदिवलीतले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या हजारो कुटुंबांसाठी संघर्षनगर उभे राहिले. तिथे बिल्डर होता, पण निवारा हक्क सुरक्षा समितीसारखी संघटना लढ्यात होती आणि आराखड्याच्या कामात पी. के. दास यांच्यासारखा वास्तुविशारद होता, म्हणून चौक, मोकळ्या जागा, शाळा यांचा विचार नकाशात शिरला. दोन्ही ठिकाणी अडचणी आल्या, वर्षे लागली, सगळे आलबेल झाले असे कुणी म्हणणार नाही. पण नकाशाच्या टेबलावर आपला माणूस बसला की काय बदलते ते तिथे जाऊन पाहता येते.

आणि बसला नाही की काय होते तेही जवळच आहे. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये जा. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की काही ठिकाणी मधले अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासकांनी तिथल्या क्षयरोगाचा अभ्यास केला. घरात ऊन आणि वारा न येण्याचा आणि क्षयाचा संबंध त्यांनी दाखवून दिला. शेजारच्याच पीएमजीपी वसाहतीत इमारतींमध्ये अंतर जास्त होते, तिथे रोग कमी आढळला. 2018 मध्ये बाहेर आलेल्या या अभ्यासाला पैसा एमएमआरडीएच्याच पर्यावरण सुधारणा संस्थेचा होता. म्हणजे सरकारला माहीत नव्हते असेही नाही. ही तीन मीटरची फट आपोआप पडत नाही. कुठल्या तरी फाईलमध्ये नेहमीच्या अंतराच्या नियमाला सवलत मागितलेली असते, कुणीतरी ती मंजूर केलेली असते. शिवाय पुनर्वसनाच्या नियमात हेक्टरी किमान 650 घरांची दाटी धरलेली आहे. झोपडीत निदान पत्र्याच्या फटीतून वारा येत होता.

आता रमाबाई नगर. या लेखाचे निमित्तही तेच.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास सुरू झाला आहे. प्राधिकरण आणि एमएमआरडीए यांचा संयुक्त प्रकल्प, सुमारे सोळा हजार कुटुंबे. छेडानगरपासून ठाण्याच्या दिशेने जाणारा पूर्व मुक्त मार्गाचा विस्तार वस्तीच्या कडेवरून जातो, त्यासाठी जागा हवी, म्हणून या वस्तीच्या पुनर्विकासाला एकदम गती आली. इतकी वर्षे खासगी विकासकांच्या फाईलींत वस्ती रखडली होती तेव्हा कुणाला घाई नव्हती.

यात काही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्या चांगल्या म्हणायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. भाड्याचे पैसे आगाऊ देण्याची पद्धत खासगी विकासकांच्या बुडीत धनादेशांपेक्षा कितीतरी बरी. बांधणारी संस्था सरकारी आहे, ती रातोरात कार्यालय बंद करून पळणार नाही. भाडे थकल्यामुळे बदलापूर-टिटवाळ्याला फेकली गेलेली कुटुंबे आमच्या परिचयाची आहेत, त्यामुळे या दोन गोष्टींची किंमत आम्हाला ठाऊक आहे. ज्या आईने तीस वर्षे सार्वजनिक संडासच्या रांगेत काढली, तिला घरातला नळ आणि घरातला संडास हवा आहे. तिला 'हा भांडवलशाहीचा डाव आहे' असे ऐकवणाऱ्या आमच्या काही मित्रांनी आधी त्या रांगेत उभे राहून यावे.

पण एक बाब नीट वाचा. 51 टक्के संमतीची जी अट खासगी विकासकाला आहे, ती राज्य सरकार किंवा सार्वजनिक प्राधिकरण योजना राबवत असेल तर लागू नाही, अशी तरतूद त्याच 33(10) मध्ये आहे. खासगी योजनेत वस्तीची एक सही लागत होती. सरकारी योजनेत तीही लागत नाही. सरकार आपले आहे म्हणून विचारायची गरज नाही, असा यामागचा तर्क असावा. रमाबाई नगरला सरकार आपले कसे असते याचा अनुभव आहे. 11 जुलै 1997 च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी 10 जणांचा जीव घेतला. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, 2009 मध्ये गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेपही झाली, तो जामिनावर बाहेर आला, आणि वस्ती दर 11 जुलैला शहिदांना अभिवादन करत राहिली. त्या दिवशी ज्या महामार्गाच्या कडेला रक्त सांडले त्याच कडेची जमीन आज मोजली जाते आहे.

म्हणून आमचा प्रश्न असा, की नव्या नकाशात ती जागा कुठे आहे? पुतळा, शहिदांची आठवण, 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरच्या आदल्या रात्री हजारो माणसे जमतात ती मोकळी जागा, गल्लीगल्लीतली विहारे. 'धार्मिक स्थळ' या एका शब्दाखाली ही सगळी मोजली गेली तर एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर पार्किंगशेजारी एक खोली मिळेल आणि फाईल बंद होईल. आमच्यासाठी विहार म्हणजे फक्त वंदनेची जागा नाही. तिथे अभ्यासिका चालते, स्पर्धा परीक्षेची पोरे रात्री दोनपर्यंत बसतात, लग्ने लागतात, मयताची बैठक तिथेच होते, आणि बिल्डरविरुद्धची सभाही. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा पुस्तकांसाठी घर बांधले. पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, आरोग्य केंद्र, समाज कल्याण केंद्र यांच्या जोडीला युवा केंद्र किंवा ग्रंथालयाचीही तरतूद आहे. बांधून झालेल्या किती इमारतींत ते ग्रंथालय ग्रंथालय म्हणून चालू आहे? आमच्या पाहण्यातल्या ठिकाणी तिथे कमिटीचे ऑफिस आहे, नाहीतर कुलूप.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा असतो. चळवळीने जमीन, शिक्षण, आरक्षण यांवर लढावे, चौरस फुटांच्या हिशेबात पडू नये. हे म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण शासकीय वसाहतीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलेले असतात. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो गावातल्या जमिनीसाठी. मुंबईत आमच्या ताब्यात असलेली जमीन हीच आहे, रेल्वेच्या कडेची, नाल्याच्या काठची, डोंगराच्या उतारावरची, कुणालाही नको होती तेव्हा आमच्या आज्यांनी भराव टाकून राहण्याजोगी केलेली. आज तिला भाव आला आहे. आरक्षणाच्या जागा कशा भरल्या जात नाहीत यावर आपण माहितीच्या अधिकारात अर्ज करतो ना? मग आपल्या वस्तीच्या परिशिष्ट-2 वर का करत नाही?

त्या यादीत काय असते ते पाहा. पात्रतेसाठी मतदार यादीतले नाव, लाईट बिल, फोटोपास, दुकान असेल तर गुमास्ता. नाव एका कागदावर गावचे, दुसऱ्यावर शहरातले. बौद्ध झाल्यावर कुणी नाव बदलले, कुणाचे आडनाव शाळेत मास्तरांनी बदलले. नवरा वारला आणि झोपडी सासऱ्याच्या नावावर, अशी बाई अपात्रांच्या रकान्यात जाते, आणि तिला ते कळते घर रिकामे करायच्या नोटिशीसोबत. यादीवर हरकतीची मुदत असते, अपिलाचा मार्ग असतो. मुदतीत चार ओळींचा अर्ज लिहून देणारा एक पदवीधर पोरगा किंवा पोरगी प्रत्येक गल्लीत मिळाली तरी कितीतरी घरे वाचतील. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे, ती वापरली जाते की नाही हेही त्या पोरांनी पाहावे.

रमाबाई नगरमध्ये संमतीची अट नसली तरी नकाशा हा सार्वजनिक पैशातून बनलेला सार्वजनिक कागद आहे. मोठ्या अक्षरांत, मराठीत, विहारांच्या भिंतींवर तो लावला गेला पाहिजे. कुठली इमारत कुठे, दोन इमारतींत किती मीटर, कुठल्या नियमाला किती सवलत, विक्रीच्या इमारती कुठल्या बाजूला, पुतळ्याभोवतीचे मैदान किती चौरस मीटर. इमारत वीसेक मजल्यांची झाली तर लिफ्टचे बिल दहा वर्षांनी कोण भरणार, त्यासाठी किती निधी कुणाच्या नावावर. टप्प्याटप्प्याने इमारती उठतील तसे शेवटच्या टप्प्यातल्या कुटुंबांचे करार आधीच नोंदवलेले असावेत. आणि जिथे अजून बिल्डर शिरलेला नाही, भांडुपच्या उतारावर, मालाड-कांदिवलीच्या कडेला, मुलुंडच्या टेकडीखाली, तिथल्या सोसायट्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर विकासक नेमण्याच्या विषयाआधी एक विषय लेखी टाकावा: संस्थेने स्वतः अर्जदार व्हावे का, आणि त्यासाठी स्वतःचा आर्किटेक्ट नेमावा का. ठराव नामंजूर झाला तरी चालेल. इतिवृत्तात तो नोंदवला गेला पाहिजे, मतांच्या आकड्यासह.

आमच्यातले काही जण वास्तुशास्त्र शिकत आहेत, दोघे वकिली करतात, एक जण महापालिकेत कनिष्ठ अभियंता होता. रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही एकत्र बसतो. ज्या वस्तीला आपले परिशिष्ट-2, आशयपत्र किंवा मंजूर नकाशा वाचून घ्यायचा असेल त्यांनी झेरॉक्स घेऊन यावे. मूळ कागद घरीच ठेवा.

जय भीम.